क्रांतीताईंना विचारा

“ताई, डिस्क परत भरली,” फोनवर दीपा होती. “डेअऱ्यांत दुधाची नोंदच होईना झालीय.”

क्रांतीने तान्ह्या राजवीरला दुसऱ्या कुशीत घेतलं. “जुने लॉग काढलेस?”

“परवाच काढले की. बॅकअप तपासून.”

“मी इतकी वर्षं काढले. एकदा भरली न्हाय. थांब, येते.”

दुधाच्या प्रत्येक नोंदीचा माग लॉगमध्ये उरतो. ते लॉग बॅकअपसाठी साठवायचे आणि बॅकअप नीट झाला की जुने काढून टाकायचे. दूध संघाच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात हे काम क्रांतीचं. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या खुर्चीत दीपा आली.

“पोरगी तयार हाय, तुम्ही बिनघोर राहा,” सम्मेद सर तेव्हा म्हणाले होते. त्या दिवशी क्रांती ताटावरनं तशीच उठली होती. अडीनडीला लागेल म्हणून सरांनी तिचं घरचं लॉगिन चालू ठेवलं होतं. राजवीर निजला की ती लॅपटॉप उघडून बसायची.

पुढं लॉग फुगायला लागले, आणि सगळे म्हणायला लागले, क्रांतीताईंना विचारा.

क्रांती राजवीरला घेऊन ऑफिसात पोचली, तर खुर्चीच्या पाठीवर दीपाची बॅग लटकत होती. क्रांतीने ती काढून जमिनीवर ठेवली, जरा जोरातच. चहा आला. दीपाने नाक मुरडून कप लांब सारला आणि चिंच चघळत बसली. शिष्ट, क्रांतीच्या मनात आलं. राजवीर तर दीपाच्या खांद्यावर जाताच निजला. तेही तिला रुचलं नाही.

डिस्क मोकळी झाली. दुधाच्या नोंदी सुरू झाल्या.

“बघा, तुमच्याबिगर चालत न्हाय,” सर म्हणाले. “एक तारखेला या. दीपाला पन्हाळ्याच्या शाखेत पाठवतो.”

राजवीरला घेऊन दीपा क्रांतीबरोबर खाली रिक्षापर्यंत आली.

“ताई, तीच नोंद परत परत लिहून लॉग फुगवायचं काम तुमच्या घरच्या लॅपटॉपवरनं लागलंय. मला कवाच दिसलं.”

रिक्षात ठेवायची पिशवी क्रांतीच्या हातातच राहिली. “सरांना सांगितलं न्हाईस?”

“न्हाय.” दीपाने राजवीरला तिच्या कुशीत दिलं आणि पोटावरची ओढणी सारखी केली. “पन्हाळ्यात माझ्या रजेला माझ्या जागी कुणीतरी येईलच की. मलाबी शिकवा, ताई. फक्त तिला दिसू नये असं.”