राखणीची मेंढी

धुरपाबाईने मेंढीची पापणी उलटून पाहिली. आतून पांढरीफटक, जंतांनी रक्त शोषलेली. औषध पाजूनही कळपातल्या एकाही मेंढीचे जंत यंदा मेले नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जंतांची जनुकं तपासली आणि मान हलवली. "मावशी, सगळे औषध पचवणारेच. औषधाने मरणारा वाण साऱ्या तालुक्यात फक्त तुमच्या चांदी मेंढीच्या पोटात उरला होता. तो इतर जंतांत मिसळून त्यांची पिल्लं औषधाने मरत राहावीत म्हणून तर तिला औषध द्यायचं नव्हतं. तो गेला कुठे?"

धुरपाबाईने चांदीकडे पाहिलं. "गेल्या साली लई वाळली हुती, ताई. हात फिरवला की हाडं लागायची. बघवंना, म्हणून एकदाच पाजलं."

"मग?"

"चार दिसांत उड्या मारायला लागली."

तिने चांदीला जवळ ओढलं. पापणीवर बोट ठेवलं. आत पांढरं दिसलं तर आता पाजायला काही उरलं नव्हतं. ती उलटायचा धीर तिला झाला नाही.