राखेचं पाणी

जपानातल्या आमच्या इगाच्या खोऱ्यात सरदार-बिरदार कुणी नाही. आम्ही जमीनदारच एकजुटीने, बहुमताने कारभार हाकतो. ऐन भातलावणीत कुणीतरी रोज पाट फोडून पाणी आपल्या शेतात वळवत होतं आणि कबूल कुणीच करेना. शेवटी देवळात 'मी पाट फोडला नाही' अशी शपथ कागदावर लिहून तो जाळला, राख पाण्यात कालवली आणि ते पाणी सगळे प्यायलो. खोटं बोलणाऱ्याचं पोट सकाळपर्यंत बिघडणार आणि त्याच्या शेताचं पाणी बंद होणार.

सकाळी आमच्यातलाच एक जमीनदार, जिननाई, छाती फुगवून देवळात आला. बाकीचे आम्ही पोट धरून, वाकून बसलेलो.

"सापडलात ना सगळे!" तो हसला.

आमच्यातले सगळ्यात वडीलधारे तानोमोकाका कण्हत म्हणाले, "सापडलायस तू. देवाचा कौलसुद्धा इथे बहुमतानंच ठरतो. खरं बोलणाऱ्याचंच पोट दुखतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

एक हात पोटावर ठेवून आम्ही सगळ्यांनी दुसरा वर केला.

जिननाईने एकवार सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच खाली टेकला.

"काका, आत्ता मलाही जरा कळ येतेय हो."