भिंतीबाहेरचं बाळ

गावातलं जुनं चर्च पाहायला येणाऱ्यांना हेस्टरआजी सगळं हौसेनं दाखवायची: रंगीत काचा, घंटा, दफनभूमीतल्या थोरामोठ्यांच्या कबरी. आज एका पाहुणीनं दफनभूमीच्या भिंतीवरून वाकून विचारलं, “बाहेर रानगवतात डॅफोडिलची फुलं कुणी लावली?” “तिकडे काही नाही,” चर्चचे कारभारी पॅजेट घाईनं म्हणाले. साठ वर्षं आजीही हेच म्हणत आली होती. आज ती म्हणाली, “माझं बाळ आहे तिकडे. बाप्तिस्म्याआधीच गेलं, म्हणून त्याला आत घेतलं नाही.” आणि तिनं भिंतीवरचा सुटा दगड उचलून खाली टाकला. “अहो हेस्टरबाई, चारशे वर्षं उभी आहे ती भिंत.” “मग दमली असेल बिचारी. बसू दे.” “बिशपना कळवावं लागेल.” “कळवा. म्हणावं, हातमोजे घालून या.” पुढचा दगड तिला एकटीला हलेना. पाहुणीनं कॅमेरा गवतावर ठेवला आणि दुसरं टोक धरलं.