पाहुण्याची खुर्ची

मशीन परत अडकलं, आणि नेमकी तेव्हाच दारात गाडी थांबली.

डावीकडच्या दारातून उतरले ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीतले गृहस्थ. उजव्या मनगटाला पट्टी. स्टेरिंगवरून उतरला तो चुरगळलेल्या चौकड्याच्या शर्टातला, बोटात किल्ली फिरवणारा माणूस.

"या आण्णा, या!" पूर्णिमा लगबगीनं पुढं झाली. सीमेकडच्या दूध संघाचे चेअरमन चन्नाप्पा आण्णा येणार होते. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बोलणं सगळं त्यांच्या ऑफिसशी झालेलं.

सफारीवाले दचकून मागं वळून बघू लागले. किल्लीवाला हसला. "बसा की! एवढ्या मानानं बोलावत्यात."

ते पाहुण्याच्या खुर्चीच्या कडेला कसेबसे टेकले. मोठी माणसं अशीच साधी असतात, असं वाटून पूर्णिमाला धीर आला.

धीर हवाच होता. बेंगळुरूची नोकरी सोडून तिनं कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही खोली घेतली, त्याला दोन वर्षं झाली. दूध तपासायचं तिचं हे मशीन संघानं घेतलं तर कोल्हापूर, नाहीतर पुन्हा बेंगळुरू. आईनं माळ्यावरची बॅग काढून पुसूनही ठेवली होती.

मशीनला यूएसबीचं एकच सॉकेट. पेनड्राइव्ह लावला की मशीन यजमान: वीज त्यानं द्यायची, विचारपूस त्यानं करायची. तेच सॉकेट कॉम्प्युटरला जोडलं की मशीन पाहुणा: विचारलं तेवढंच सांगायचं. ही अदलाबदल करायची ती ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामनं, आणि तो पूर्णिमानं स्वतः लिहिलेला.

पेनड्राइव्ह झकास चालला. तो काढून तिनं कॉम्प्युटरची वायर जोडली, आणि मशीन मुकाट. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी गत.

सफारीवाले छताकडं बघत राहिले. किल्लीवाला मात्र स्टूल ओढून जवळ आला.

"काय झालं, ताई?"

"ड्रायव्हर गोंधळतोय, मामा."

"मी कुठं गोंधळलोय?"

पूर्णिमाला हसू फुटलं. तिनं सगळं समजावून सांगितलं. "यजमानाचा पाहुणा व्हायची वेळ आली की गाडं अडतंय बघा."

"आमचंबी आज कागलजवळ तसंच झालं की. ह्यांचा हात दुखाय लागला, म्हणून स्टेरिंग मी घेतलं. पर आधी गाडी कडंला लावली, बंद केली. हे उतरलं, मग मी बसलो. चालत्या गाडीत दोघं एका सीटवर बसाय गेलो असतो, तर उसातच की!"

आण्णांना स्वतः गाडी चालवायची हौस दिसते, असं मनात येईपर्यंत पूर्णिमाची बोटं की-बोर्डवर पोचलीसुद्धा. तिचा ड्रायव्हर नेमका हाच घोळ घालत होता. यजमान उठायच्या आत, सॉकेटमधली वीज उतरायच्या आत तो पाहुण्याला आणून बसवत होता. तिनं क्रम बदलला. आधी यजमान थांबवायचा, वीज तोडायची, ती पूर्ण उतरली का बघायचं आणि मगच पाहुणा.

वायर जोडली. कॉम्प्युटरवर दुधाच्या फॅटचे आकडे धडाधड उमटले. पेनड्राइव्ह, वायर, परत पेनड्राइव्ह, परत वायर. सात वेळा केलं, सातही वेळा चाललं. पूर्णिमाला नाचावंसं वाटलं.

"कसं वाटलं, आण्णा?"

सफारीवाल्यांनी घाम पुसला. "चांगलं हाय की," एवढंच म्हणाले आणि किल्लीवाल्याकडं बघू लागले.

पूर्णिमाचं तोंड उतरलं. गाडीपाशी तिनं किल्लीवाल्याला हळूच गाठलं. "मामा, तुमच्यामुळं मशीन चाललं. आता तेवढं आण्णांच्या कानावर घाला. मला कोल्हापूर सोडायचं न्हाय."

"घालतो की. माझं ऐकत्यात ते. मशीन घेतलं म्हणूनच समजा."

ड्रायव्हरच्या शब्दावर बॅग परत माळ्यावर चढत नसते, पण तिला ऐकून बरं वाटलं.

तेवढ्यात सफारीवाले घाईघाईनं आले. मनगटाची पट्टी सोडून त्यांनी खिशात टाकली आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

"आण्णा, हात आता बरा हाय. तुम्ही तुमच्या जागंवर बसा, गाडी मी घेतो."