एकट्याची खोली

चर्चवाले, न्हावी आणि मी बेकरीवाली, आमच्या डेट्रॉइटच्या गल्लीने वर्गणी काढून फुटपाथवर म्हाताऱ्या झालेल्या क्लाइडसाठी खोली मिळवली. पण घरमालकाची अट होती की खोलीत एकानेच राहायचं, आणि क्लाइड त्याच्या फुटपाथवरच्या सोबतिणीला, लोरीनला, सोडून जाईना. कितीतरी हिवाळे दोघांनी एकाच ब्लँकेटखाली काढले होते.

"अरे, जा की एकदाचा!" लोरीन सगळ्यांसमोर हसली. "तुझ्या घोरण्याला विटलेय मी. मला दुसरा भेटलाय."

क्लाइड किल्ली घेऊन गेला. लोरीन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. मला म्हणाली, "त्याला खरं सांगशील तर बघ! निदान तो तरी थंडीने मरणार नाही."

 

तिला दुसरा भेटल्याचं क्लाइडला खरंच वाटलं. तो पुन्हा गल्लीत फिरकला नाही.