मामाची भाची

"मावशी, जरा बाहेर या ना!"

इस्पितळाच्या वॉर्डातली पाळी संपवून मावशीनं नुकतंच तोंड धुतलं होतं. ओल्या हातांनीच तिनं दार उघडलं. समोरच्या दारात शिवणकामवाली उभी होती. काखेत पोर, गळ्यात टेप, चेहरा पांढराफटक. तिच्यापुढं घरवाटप खात्याचा तपासनीस.

"साहेब, यांना विचारा. सांगा ना मावशी, मी मामाची भाची आहे म्हणून."

मामा म्हणजे समोरची खोली ज्याच्या नावावर होती तो. इमारत गरजूंसाठी बांधलेली. मिळालेली खोली दुसऱ्याला भाड्यानं द्यायची बंदी होती. पण मामा स्वतः बंगल्यात राहायचा आणि भाड्यापुरतं तोंड दाखवायचा. पावती नाही की करार नाही. न्हाणीतला पाइप फुटला तरी शिवणकामवाली तक्रार करत नव्हती. दुरुस्तीला माणूस आला असता तर बिंग फुटलं असतं. ती मावशीकडून बादल्या भरून न्यायची, आणि जाताना मावशीचे उसवलेले कपडे आपणहून मागून घ्यायची.

खात्याला फोन केला होता तो मावशीनंच. तिच्या एका खोलीत लेक, जावई, नातवंडं दाटीवाटीनं झोपायची. लेकीचा अर्ज कधीचा कुजत पडला होता, आणि इकडे मामा गरिबाच्या घरावर चैन करत होता. त्याला अद्दल घडावी, एवढंच मावशीच्या मनात होतं. निदान तिनं स्वतःची तशी समजूत घातली होती. काखेतल्या या पोराचा विचार तिला शिवलाच नव्हता. खरं तर शिवला होता, पण तिनं तो झटकला होता.

"बोला," तपासनीस म्हणाला. "कोण ही?"

पोरानं सवयीनं मावशीकडे झेप घेतली. मावशीनंही सवयीनंच त्याला उचलून घेतलं.

"भाची," ती म्हणाली. "सख्खी. मामा बाजारात गेलेत, येतील इतक्यात."

तपासनिसानं मान वर केली. आवाज ओळखीचा वाटून तिच्याकडे निरखून पाहिलं.

"फोनवर तर तुम्ही वेगळंच सांगितलंत."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो खाकरला आणि सरकारी आवाजात म्हणाला, "हे बघा बाई, तपासात खोटं सांगितलंत तर तुमच्याही खोलीवर गदा येईल."

मावशीच्या मागं तिची लेक येऊन उभी राहिली होती. शिवणकामवालीनं आधी लेकीकडे पाहिलं, मग मावशीकडे. कापडाची सुलट बाजू कुठली ते बघावं, तसं.

"साहेब, त्यांना यात ओढू नका," ती म्हणाली. "मीच त्यांना बोलायला लावलं. भाची-बिची कुणी नाही मी, भाडेकरू आहे. मामाचा खरा पत्ता देते, लिहून घ्या."

तिनं पत्ता सांगितला. न अडखळता, न रडता. तपासनिसानं लिहून घेतला. "नोटीस येईल," असं पुटपुटत तो जिना उतरला.

"अगं, मला वाटलं, फक्त त्यालाच..." मावशी म्हणू लागली.

"आई," लेक मागून कुजबुजली, "म्हणजे खोली रिकामी होणार ना?"

कुजबूज जिन्यात घुमली. शिवणकामवालीनं पुढं होऊन हात पसरले. पोर येईना. त्यानं मावशीची बाही मुठीत धरून ठेवली होती. आईनं ती मूठ अलगद सोडवली, त्याला छातीशी घेतलं, आत गेली आणि दार हळूच लावून घेतलं.

आपटलं असतं, तर मावशीला बरं वाटलं असतं.