हात आत असताना

शेवंतानं पिशवीतून जेवणाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि काउंटरवरचा कॅमेरा त्यात ठेवून पाहिला. झाकण बसेना.

"याच्याहून लहान दाखवा, भैया."

बडा फुहारा चौकाजवळच्या त्या दुकानदाराची हयात जुने कॅमेरे विकण्यात गेली होती. झूम विचारणारे, रंग विचारणारे, किमतीवरून तासभर घोळ घालणारे, सगळे त्यानं पाहिले होते. पण डब्याचं माप घेऊन आलेलं गिऱ्हाईक पहिलंच. त्यानं तो कॅमेरा बाजूला ठेवला. आतून आणखी दोन घेऊन आला. दुसरा बसला, वर एक पोळी घातली तरी झाकण लागेल असा.

"इसमें पेंसिल सेल लगते हैं, अम्मा. कहीं भी मिल जाएंगे."

"फ्लैश बंद होता है? और आवाज?" बाजूला उभ्या अश्वजीतनं विचारलं. हा शेवंताचा थोरला.

"दोनों बंद हो जाते हैं. बस सेल बदलोगे तो फ्लैश फिर चालू हो जाएगा. पुराना माल है, भैया."

"मंग नकोच बाप्पा," शेवंता म्हणाली.

"काळी टेप लावू त्याच्यावर," अश्वजीत म्हणाला. " अन् सेल घरूनच नवे टाकून नेजो. तिथं बदलायचेच नाहीत."

फ्लॅशला ती उगाच भीत नव्हती. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ती झाडू मारते, तिथल्या प्रेस मशीननं महिन्यापूर्वी अश्वजीतच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. मालक म्हणतो, मशीनला संरक्षक जाळी होती, पोराचंच लक्ष नव्हतं. जाळी कसली आली! काम लवकर उरकावं म्हणून ती कधीचीच काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. पुढं अश्वजीतच्या जागी मालकानं धाकट्याला घेतलं, सुमेधला. त्याच मशीनवर. वर चारचौघांत बोलूनही दाखवलं, बघा, आम्ही घर उघड्यावर पडू देत नाही. तिच्या झाडूच्या पगारावर घर चालणार नव्हतं. शेवंतानं निमूट हात जोडले.

आता भरपाई हवी तर पुरावा पाहिजे. वकील मॅडम म्हणाल्या, रिकाम्या मशीनचा फोटो नको, ते म्हणतील साफसफाईसाठी जाळी काढली होती. चालू मशीन दिसली पाहिजे, आणि काम करणाऱ्याचा हात आत. मोबाईल गेटवर जमा होतात, पुरुषांचे खिसे चाचपतात, पण बायांचे डबे अजून कोणी उघडत नाही. म्हणजे फोटो शेवंतानंच काढायचा, आणि हात असणार सुमेधचा. फ्लॅश चमकला आणि तो दचकला तर? त्याचा पाय पेडलवर असतो, दाबला की प्रेस खाली येते.

"एक बार चलाके देख लो, अम्मा," दुकानदार म्हणाला.

अश्वजीतनं डावा हात काउंटरवर टेकवला. "ही काच म्हणजे मशीन समज. मी हात आत नेतो, पत्रा ठेवतो, बाहेर घेतो. आत असतानाचा काढ."

त्यानं हात पुढं सरकवला, मागं घेतला. शेवंतानं बटण दाबलं. फोटोत नुसती काच आली.

"पुन्हा."

पुन्हा काचच आली. तिसऱ्यांदा मनगटाचा कोपरा आला, बाकी काच.

"ये कैमरे जरा सुस्त होते हैं," दुकानदार समजुतीनं म्हणाला. "बटन थोड़ा पहले दबाइए."

ती आधी दाबायचं ठरवायची, आणि नेमकी उशीर करायची. सात झाले, आठ झाले. सेल संपले, दुकानदारानं दुसरे घातले आणि फ्लॅश पुन्हा बंद केला. अश्वजीतला राग आवरेना.

"आई, हात आत गेला की दाब नं! बाहेर यायची वाट काहून पाहून राहिली?"

"मी कुठं पाहून राहिली," शेवंता म्हणाली. मग तिचा आवाज खाली गेला. "बोटच हलत नाही रे. तुझा हात बाहेर आल्याशिवाय बोटच हलत नाही."

दुकानदारानं इतका वेळ गमछ्याखाली असलेल्या अश्वजीतच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली. कोणी मागितली नसताना त्यानं सेलची चार पाकिटं काउंटरवर आणून ठेवली.

"सराव करायला लागतील," तो चक्क मराठीत म्हणाला. इतक्या वर्षांच्या मराठी गिऱ्हाइकांनी तेवढं शिकवलं असावं.

"चलो, अजून एकदा," अश्वजीत म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं हात आत नेला आणि जरा थांबला, पत्रा नीट बसवताना थांबावं लागतं तसा. शेवंतानं डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं.

दुकानदारानं कॅमेरा आपल्याकडे वळवला. "आ गया, अम्मा. देखिए, पूरा हाथ आया है."

शेवंतानं पाहिलंच नाही. तिनं काउंटरवरून अश्वजीतचा हात मनगटाला धरून ओढला होता आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबला होता. ती हात सोडेना. अश्वजीतनं सोडवून घेतला नाही. दुकानदार पावती लिहायच्या निमित्तानं खाली वाकला.

"आई," थोड्या वेळानं अश्वजीत हळूच म्हणाला, "उद्या असा हात नको ओढजो. सुमेध दचकेल."